सुट्टीच्या दिवसाचा टेम्पो

पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. त्या दिवशी उरलेलं पुणं मात्र कामावर असतं. प्लायवूडच्या दुकानातून माल निघायचा असतो, छोट्या वर्कशॉपमधून पत्रे पावडर कोटिंगला जायचे असतात, कुणाचं फर्निचर तयार होऊन पडलेलं असतं. हातात लायसन, आठवड्यातला एक अख्खा दिवस मोकळा आणि पगारातून हप्ता भरण्याची ऐपत, एवढं जमून आलं की माणसाच्या मनात हिशेब सुरू होतो: एखादा टेम्पो घ्यावा, स्वतःच चालवावा, नोकरीही सोडू नये.

कल्पना वेडगळ नाही. पण ती जिथे फसते ती जागा बहुतेकदा एकच असते. लोक गाडी आधी घेतात आणि काम नंतर शोधतात. पूर्णवेळ टेम्पोवाल्याला ते एकवेळ निभतं, कारण नाक्यावर बसून राहायला त्याच्याकडे वेळ असतो. नोकरदाराकडे नेमका तोच नसतो. त्याने उलट्या बाजूने निघावं. आपले मोकळे तास कोणते, त्या तासांत कोणतं काम निघतं, त्या कामाला केवढी गाडी लागते आणि ती गाडी तेवढ्या तासांत स्वतःचं पोट भरेल का, या क्रमाने.

सहाचाकी-दहाचाकी ट्रकचा विचार या पहिल्याच पायरीवर गळून पडतो. त्याचं गणित लांबच्या भाड्यावर आणि परतीच्या मालावर चालतं. कळंबोलीच्या स्टील मार्केटला किंवा भिवंडीच्या गोदामाला गाडी लावली की नंबर कधी लागेल हे गाडीमालकाच्या हातात नसतं. माल खाली व्हायला रात्र गेली तर सकाळच्या पाळीला कार्ड पंच कोण करणार? अर्धवेळ धंद्याला जमते ती छोटी मालवाहू गाडी, जी एकाच शहरात किंवा शेजारच्या तालुक्यापर्यंत जाऊन त्याच दिवशी घरी परतते.

अशी गाडी पगारदाराच्या आवाक्यात आली त्याला आता वीस वर्षं झाली. 2005 च्या मे महिन्यात टाटा मोटर्सने ‘एस’ बाजारात आणली. 702 सीसीचं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन, पाऊण टन माल आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. लोकांनी तिला छोटा हत्ती करून टाकलं. मग अशोक लेलँडची ‘दोस्त’ 2011 मध्ये आली, मारुतीची ‘सुपर कॅरी’ 2016 मध्ये, टाटांचीच ‘इन्ट्रा’ 2019 मध्ये. महिंद्राची बोलेरो पिकअप तर ग्रामीण महाराष्ट्रात घरटी ओळखीची. जून 2025 मध्ये ‘एस प्रो’ आली तेव्हा तिची सुरुवातीची शोरूम किंमत 3 लाख 99 हजार होती. म्हणजे गाडी मिळण्याची अडचण उरलेली नाही. ती पोसण्याची आहे.

उभी गाडीही खाते. हे वाक्य कोणताही टेम्पोवाला सांगेल, पण नोकरदाराला त्याचा अर्थ कागदावर आकडे मांडल्याशिवाय लागत नाही. म्हणून एक उदाहरण मांडून पाहू. आकडे गृहीत धरलेले आहेत, वाचकाने त्या जागी आपले घालावेत.

समजा, एक जुनी पिकअप घेतली आणि तिच्यावर 4 लाखांचं कर्ज काढलं. 14 टक्के व्याज आणि चार वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे 10,900 रुपये पडतो. विमा वर्षाला 30,000, म्हणजे महिन्याला 2,500. पासिंग, पीयूसी आणि किरकोळ कागदपत्रांसाठी महिना 700. गाडी लावण्याच्या जागेचं भाडं 1,500. बेरीज 15,600 रुपये. गाडीने एक किलोमीटरही न कापता हा खर्च झालेला असतो.

आता फेऱ्या मोजू. सुट्टीच्या दिवशी दोन आणि कामाच्या दिवसांतल्या तीन संध्याकाळी एकेक, असं धरलं तर महिन्याला 20 फेऱ्या होतात. 15,600 भागिले 20, म्हणजे प्रत्येक फेरीच्या डोक्यावर 780 रुपये आधीच बसलेले. पूर्णवेळ टेम्पोवाला महिन्यात 26 दिवस रोज तीन फेऱ्या मारतो असं धरलं तर त्याच्या फेरीवर हाच भार 200 रुपयांचा येतो. भाडं ठरवायला दोघं एकाच पार्टीसमोर उभे राहिले की यातला कोण किती खाली उतरू शकतो, हे वेगळं सांगायला नको.

पुढे जाऊ. फेरी येऊन-जाऊन 30 किलोमीटरची, लिटरला 12 किलोमीटर आणि डिझेल 90 रुपये धरलं तर डिझेल 225 रुपयांचं. टायर, ऑइल, ब्रेक, पाटे यांची झीज किलोमीटरला 3 रुपये धरली तर 90. सगळं मिळून 1,095. भाडं 1,500 मिळालं तर हातात 405 रुपये उरतात. वीस फेऱ्यांचे 8,100. यासाठी चार रविवार किंवा गुरुवार आणि बारा संध्याकाळी गेल्या, हे विसरू नये.

हेच उदाहरण कर्जाशिवाय करून पाहावं. हप्ता काढला की उभा खर्च 4,700 वर येतो, फेरीमागे 235. एकूण खर्च 550, उरतात 950, महिन्याला 19,000. साठवलेले 4 लाख बँकेत ठेवले असते तर त्यावर व्याज मिळालं असतं, ते यातून वजा करावं हे खरं. तरीही फरक डोळ्यांत भरतो. पूर्णवेळ चालकाला कर्ज परवडतं कारण तो गाडी फिरवतो. अर्धवेळ चालकाने शक्य तितकी कमी उधारीची, मग थोडी जुनी आणि एक आकार लहान असली तरी चालेल, अशी गाडी घ्यावी. नव्या कोऱ्या गाडीचा वास महाग पडतो.

कर्ज काढायचंच असेल तर खासगी फायनान्सवाल्याकडे जाण्याआधी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. 2015 पासून चालू असलेल्या या योजनेत 50 हजारांपर्यंत ‘शिशु’, 5 लाखांपर्यंत ‘किशोर’ आणि 10 लाखांपर्यंत ‘तरुण’ असे गट आहेत आणि व्यवसायासाठी घेतलेली मालवाहू गाडी त्यात बसते.

खरी कसोटी मात्र कामाची. संध्याकाळी सहानंतर शहरात कोणता माल हलतो, याचं उत्तर ऑफिसच्या खुर्चीत बसून मिळत नाही. त्यासाठी महिनाभर आपल्या भागातल्या टेम्पो स्टँडवर, हार्डवेअरच्या गल्लीत, मंडपवाल्याच्या गोदामाबाहेर चहा प्यावा लागतो. तिथे एक गोष्ट लवकर लक्षात येते. ज्याची सुट्टी रविवारी आणि ज्याची गुरुवारी, त्या दोघांचे धंदे वेगळे आहेत. गुरुवारवाल्याला दुकानदारीचा आणि छोट्या वर्कशॉपचा माल मिळू शकतो. रविवारवाल्याकडे घर बदलणारे येतात, कारण त्यांनाही रविवारीच सवड असते. मंडप, साउंड आणि केटरिंगची भांडी लग्नसराईत रात्री उशिरा परत न्यायची असतात. गुलटेकडीच्या मार्केट यार्डात रविवारी शेतमालाची मोठी आवक असते आणि किरकोळ विक्रेत्यांचा माल पहाटेच निघतो. भाजीवाले तिघं-चौघं मिळून एक गाडी बांधतात. अशी बांधलेली फेरी अर्धवेळ चालकासाठी सोन्याची. वेळ ठरलेली, वाट ठरलेली, पैसे रोखीत आणि आठला घरी.

दूध आणि वर्तमानपत्रांचं कामही पहाटेचं असतं, पण त्याला एकही खाडा चालत नाही. दुसऱ्या पाळीचा माणूस मध्यरात्री घरी येऊन तीनला पुन्हा स्टिअरिंगवर बसणार असेल तर ते काम त्याचं नाही. चाकणच्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्यांचं कामही तसंच. तिथे माल ठरल्या वेळेला पोचला नाही तर पुढची लाइन थांबते आणि पुरवठादार दंड कापतो. भाडं चांगलं वाटलं तरी ज्याच्या अंगावर दुसऱ्या कुणाची हजेरी आहे त्याने या कामापासून लांब राहावं.

ॲपवर चालणाऱ्या सेवा, उदाहरणार्थ 2014 मध्ये बंगळुरूत सुरू झालेली ‘पोर्टर’, अर्धवेळ चालकाला सोयीच्या वाटतात. पाहिजे तेव्हा फोन चालू, नको तेव्हा बंद. सुरुवातीला शहरातले रस्ते, सोसायट्यांचे वॉचमन आणि माल चढवण्या-उतरवण्याचा खरा वेळ कळण्यासाठी त्या उपयोगी आहेतच. पण भाडं कंपनी ठरवते आणि त्यातून आपला हिस्सा कापून घेते. वर मांडलेलं 780 रुपयांचं ओझं त्या भाड्यात बसतं का, हे दहा-बारा फेऱ्यांत कळून येतं. ॲप हा जोडधंद्याचा जोडधंदा ठेवावा, पाया स्वतःच्या चार-पाच पार्ट्यांवर घालावा.

आणखी एक पायरी बहुतेक जण गाळतात. गाडी घेण्याआधी दुसऱ्याची गाडी चालवणं. ओळखीच्या टेम्पोमालकाला सुट्टीच्या दिवशी ड्रायव्हर हवाच असतो. तीन महिने रोजावर गाडी चालवली की पाठ किती दुखते, अरुंद गल्लीत भरलेली गाडी मागे कशी घ्यायची, ताडपत्री पावसात कशी आवळायची, हे सगळं दुसऱ्याच्या पाट्यांवर शिकून होतं. त्यानंतर हौस टिकली तर ती खरी.

आता नोकरीच्या बाजूचं. सरकारी कर्मचाऱ्यांना वाट जवळजवळ बंद आहे. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 मधला नियम 16 खासगी व्यापार आणि नोकरीबद्दलचा आहे आणि पूर्वपरवानगीशिवाय असा धंदा करता येत नाही. केंद्राच्या 1964 च्या नियमांतही तेच, शिवाय कुटुंबातल्या कुणी धंदा सुरू केला तर तो कळवण्याची अट. खासगी कंपनीत नेमणूकपत्र काढून वाचावं. ‘अन्य कोणतंही काम करणार नाही’ अशी ओळ अनेक पत्रांत असते आणि सही करताना ती कुणी वाचलेली नसते. ओळ असेल तर लेखी परवानगी मागावी. मालवाहतूक कंपनीच्या धंद्याच्या आड येत नसेल तर परवानगी मिळूही शकते. आपल्याच कंपनीचा किंवा तिच्या पुरवठादाराचा माल मात्र भरू नये. हितसंबंधांचा आरोप तिथूनच सुरू होतो.

या अडचणीवर उपाय म्हणून गाडी बायकोच्या नावावर घेतली जाते. यात एक खाच आहे. मालक-चालकासाठी जो 15 लाखांचा सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा असतो, तो नोंदणीकृत मालकाचा असतो आणि त्या मालकाकडे स्वतःचं लायसन असावं लागतं. गाडी बायकोच्या नावावर, स्टिअरिंगवर नवरा आणि अपघात नवऱ्याला, अशा वेळी तो विमा कामाचा नाही. त्यासाठी पॉलिसीत चालकाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं आणि ते पॉलिसी घेतानाच विचारावं लागतं.

कागदपत्रांची यादी लांब असली तरी छोट्या गाडीच्या बाबतीत कायद्याने बरंच सोपं करून ठेवलं आहे. गाडी आणि माल मिळून एकूण वजन 7,500 किलोपर्यंत असेल तर साधं हलक्या मोटारवाहनाचं लायसन पुरतं, वेगळा बॅज लागत नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे सांगितलं होतं, विमा कंपन्यांनी त्याला आव्हान दिलं आणि 6 नोव्हेंबर 2024 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच मत कायम केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 नुसार एकूण वजन 3,000 किलोपेक्षा जास्त नसलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. छोटा हत्ती या मर्यादेत आरामात बसतो. मोठ्या पिकअपची काही मॉडेलं तिच्या बाहेर जातात, त्यामुळे घेण्याआधी आरसीवरचा आकडा पाहावा, विकणाऱ्याच्या तोंडचा धरू नये.

नंबर प्लेट पिवळीच हवी. पांढऱ्या प्लेटच्या खासगी गाडीतून भाड्याने माल नेला तर दंडापेक्षा मोठी अडचण विम्याची होते. खासगी वापराच्या पॉलिसीत भाड्याची वाहतूक बसत नाही, दावा तिथेच अडकतो. मालवाहू गाडीचा विमा म्हणूनच महाग. 2022 च्या दरपत्रकात 7,500 किलोपर्यंतच्या गाडीसाठी नुसत्या तृतीय पक्ष विम्याचा हप्ता वर्षाला 16,049 रुपये होता. पासिंग नव्या गाडीला पहिली दोन वर्षं लागत नाही, आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी. आठ वर्षांची गाडी स्वस्त मिळते त्यामागे हेही एक कारण. शिवाय 2025 पासून महाराष्ट्रात 7,500 किलोपर्यंतच्या नव्या मालवाहू गाडीला किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर भरावा लागतो. शोरूमच्या पाटीवरचा आकडा आणि गाडी रस्त्यावर आणण्याचा आकडा यांत त्यामुळेही चांगलंच अंतर पडतं.

जुनी गाडी घेताना इंजिनाइतकाच वेळ कागदाला द्यावा. आरसीवर फायनान्सचा बोजा असेल तर तो उतरल्याचा फॉर्म 35 आणि फायनान्स कंपनीचं ना-हरकत पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म 28 चं ना-हरकत प्रमाणपत्रही लागतं. नाव बदलण्यासाठी फॉर्म 29 आणि 30. थकलेले ई-चलान गाडीच्या नंबरवर दिसतात, ते आधी तपासावेत. गाडी बघताना हौद्याचा तळ आणि चेसिसवरच्या वेल्डिंगच्या खुणा बघाव्यात. मागच्या पाट्यांत जादा पान घातलेलं दिसलं तर गाडीने आयुष्यभर जादा वजन ओढलंय असं समजावं आणि भाव तिथून सुरू करावा.

जादा वजनाचा मोह पहिल्याच महिन्यात होतो. पार्टी म्हणते, “दोन गोण्यांनी काय होतंय?” कायदा म्हणतो, 20,000 रुपये दंड आणि जादा प्रत्येक टनामागे 2,000. वीस फेऱ्यांतून 8,100 कमावणाऱ्याचे अडीच महिने एका काट्याच्या पावतीत जातात. दंड चुकला तरी भरलेल्या गाडीचा ब्रेक रिकाम्या गाडीसारखा लागत नाही. वरंधा किंवा आंबेनळी घाट उतरताना हे कळणं म्हणजे उशिरा कळणं.

त्याहून वाईट मोह हौद्यात माणसं घेण्याचा. लग्नाचं वऱ्हाड, ऊसतोडीचे मजूर, जत्रेला निघालेली भावकी, सगळे ओळखीचे असतात आणि नाही म्हणणं जड जातं. मालवाहू गाडीतून फुकट किंवा भाड्याने नेलेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने न्यू इंडिया अश्युरन्स विरुद्ध आशा राणी या प्रकरणात स्पष्ट केलं आहे. मालासोबत बसलेला मालाचा मालक किंवा त्याचा माणूस तेवढा संरक्षणात येतो. बाकी वऱ्हाडाच्या भरपाईचा बोजा थेट गाडीमालकाच्या घरावर आणि पगारावर येऊ शकतो. नोकरी असलेल्या माणसाकडून वसुली करणं सोपं असतं, ही कडू गोष्ट लक्षात ठेवावी.

भाडं ठरवताना चार गोष्टी आधी बोलून घ्याव्यात, शक्यतो व्हॉट्सॲपवर लिहून: माल कोण भरणार, कोण उतरवणार, किती वेळ थांबणार, पैसे कधी. वाहतूकदारांच्या संघटना वर्षानुवर्षं ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ म्हणत आल्या आहेत ते उगाच नाही. हमालीचा आणि वाराईचा खर्च चालकाच्या गळ्यात घालण्याची रीत बाजारात जुनी आहे. अर्धवेळ चालक नवखा म्हणून ओळखला जातो आणि त्याच्याकडून फुकट हमालीची अपेक्षा आणखी केली जाते. दिवसभर उभं राहून काम केलेल्या माणसाने संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावर कपाट चढवायचं आणि 405 रुपये घेऊन यायचं, हा व्यवहार नव्हे. पहिल्या तासानंतर थांबण्याचे पैसे वेगळे, हेही सुरुवातीलाच सांगावं. उधारीची पार्टी मोठी असली तरी एका वेळी दोन फेऱ्यांपुढे बाकी ठेवू नये, कारण वसुलीसाठी खेटे घालायलाही वेळ लागतो आणि तो या माणसाकडे नाही.

मालाची कागदं पार्टीची जबाबदारी असली तरी अडकते गाडी. 50,000 रुपयांवरच्या मालाला ई-वे बिल लागतं. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा 1 लाखाची आहे. बिलाची मुदत 200 किलोमीटरला एक दिवस अशी असते. गुरुवारी काढलेलं बिल घेऊन शनिवारी संध्याकाळी सवडीने निघालेला अर्धवेळ चालक इथे हमखास सापडतो.

कराचं मात्र भय वाटतं तेवढं नाही. 12,000 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीसाठी गाडीमागे महिन्याला 7,500 रुपये उत्पन्न धरून कर भरण्याची सोय आयकरात आहे, दहा गाड्यांपर्यंत. 1961 च्या कायद्यात ती कलम 44 एई मध्ये होती. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत, त्यामुळे सल्लागाराला नियमाच्या नावाने विचारावं. वर्षाचे 90,000 रुपये पगारात मिळवायचे, हिशेबाच्या मोठ्या वह्या ठेवायची गरज नाही. एक गोम आहे: गाडी महिनाभर दारात उभी राहिली तरी त्या महिन्याचे 7,500 धरले जातात. कंपनीचा माल नेताना बिलातून टीडीएस कापला जाऊ नये म्हणून दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचं लेखी निवेदन पॅनसह द्यावं. जीएसटीची धास्तीही नको. जो स्वतः वाहतूक एजन्सी म्हणून बिल्टी काढत नाही, नुसता गाडी घेऊन माल पोचवतो, त्याच्या रस्त्यावरच्या मालवाहतुकीला जीएसटी माफ आहे.

राहिली झोप. पगारी चालकाला कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा आहे. स्वतःच मालक असलेल्याचे तास मोजायला कुणी येत नाही आणि कारखान्यातले आठ तास तर कुठल्याच हिशेबात धरले जात नाहीत. ऑस्ट्रेलियातल्या ड्रू डॉसन आणि कॅथरिन रीड या संशोधकांनी 1997 मध्ये ‘नेचर’मध्ये एक प्रयोग मांडला. सलग 17 तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात 0.05 टक्के मद्यार्क असल्यासारखी घसरते, असं त्यात दिसलं. भारतात गाडी चालवण्यासाठीची कायदेशीर मर्यादा 0.03 टक्के आहे. पहिल्या पाळीसाठी पहाटे पाचला उठलेला माणूस रात्री दहाला लग्नाची भांडी भरून निघतो, तेव्हा त्याचे सतरा तास झालेले असतात. नाक्यावरच्या पोलिसाच्या यंत्रात तो बिनदोष दिसेल.

म्हणून वेळेची रेघ स्वतः आखावी लागते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्री नऊनंतरचं भाडं घ्यायचं नाही, तिसऱ्या पाळीच्या आठवड्यात सकाळी घरी येऊन झोपल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही, आणि महिन्यातली एक सुट्टी गाडीविना. ही एक सुट्टी वर मांडलेल्या फेऱ्यांमधून दोन कमी करते. मग हिशेब अठरा फेऱ्यांवर करावा आणि तो बसत नसेल तर गाडी लहान घ्यावी. सुट्टी कापू नये.

सुरुवातीपासून एक वही गाडीतच ठेवावी. तारीख, पार्टी, किलोमीटर, डिझेल, भाडं, थांबलेले तास आणि घरून निघाल्यापासून परतेपर्यंत गेलेला वेळ. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. सहा महिन्यांनी उरलेल्या रकमेला त्या तासांनी भागावं. आलेला आकडा कंपनीतल्या ओव्हरटाइमच्या दरापेक्षा कमी असेल, तर गाडीपेक्षा ओव्हरटाइम बरा. पार्ट्या वाढत असतील आणि दर महिन्याला चार-पाच भाडी वेळेअभावी सोडावी लागत असतील, तर बदली ड्रायव्हर ठेवण्याचा विचार करता येतो. पण मग त्याचा पगार, त्याचा विमा आणि गाडी दुसऱ्याच्या हातात असण्याची झीज धरून हिशेब नव्याने मांडावा लागतो.

आणि गाडी विकायची ठरली तर घाईत एक काम राहू देऊ नये. नुसता स्टॅम्पपेपरवर करार करून, पैसे घेऊन चावी दिली, असं खेड्यापाड्यांत सर्रास होतं. पुढे त्या गाडीने अपघात केला तर नुकसानभरपाईची नोटीस आरसीवर नाव असलेल्या माणसाला येते. सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात अशा नोंदणीकृत मालकालाच जबाबदार धरलं, गाडी मधल्या काळात दोन-चार हात फिरलेली असूनही. घेणारा ओळखीचा असला, नातलग असला तरी फॉर्म 29 ची पोच घ्यावी, आरटीओत नाव बदललेलं ऑनलाइन दिसेपर्यंत शेवटचे दहा-वीस हजार बाकी ठेवायला सांगावेत आणि तोवर विमा चालू ठेवावा.